टेबलावरचं इलेक्ट्रोस्पिनिंग मशीन: पंप उत्तम, आर्द्रतेचं काय?

जखमेवरच्या ड्रेसिंगसाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे (शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर) नॅनोतंतू काढायला आमच्या प्रयोगशाळेने हे मशीन घेतलं. इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे हाय व्होल्टेज लावून सुईतून येणाऱ्या पॉलिमरच्या द्रावणाचे अतिबारीक तंतू ओढणं. सिरिंज पंप अप्रतिम! ताशी १ मिलिलिटरहून कमी वेगालाही द्रावण अडखळत नाही, त्यामुळे सुईच्या टोकावरचा टेलर शंकू (विजेच्या ओढीने थेंबाला येणारा शंकूचा आकार, ज्यातून तंतू निघतो) स्थिर राहतो आणि तंतूंच्या जाळीत मणी, म्हणजे नको असलेल्या गाठी, क्वचितच दिसतात. तंतू गोळा करणारा ड्रम जोरात फिरवला की तंतू एका दिशेत बसतात. चेतापेशींना वाढीची दिशा द्यायला नेमकं हेच लागतं. दार उघडताच हाय व्होल्टेज बंद होतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण आर्द्रता नियंत्रण नाही, आणि या किमतीत ते खटकतंच. दमट हवेत तंतूंवर बारीक छिद्रं पडतात. द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर वाफा बाहेर काढायची सोय आधी करा, मगच ऑर्डर द्या.