वकील न लावता ग्राहक आयोगात फ्रिजची केस टाकली, त्याचा रिव्ह्यू

फ्रिज ३८ हजारांचा, वॉरंटीत असताना कॉम्प्रेसर गेला आणि कंपनी म्हणे व्होल्टेजमुळे गेला, आमची जबाबदारी नाही. वकिलाची फी ऐकली तर अर्धा फ्रिज त्यातच जात होता, म्हणून म्हटलं आपणच टाकू केस. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लागतच नाही, आणि वस्तूसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी पण शून्य. सगळ्यात भारी म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठं का असेना, यायचं त्यांनी.

तक्रार साध्या मराठीत लिहिली, कधी घेतला, कधी बिघडला, कोण काय म्हणालं, काय पाहिजे, बस. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, ईमेलच्या प्रिंट, मी कंपनीला पाठवलेली नोटीस आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या पण भरता येतं, पण मी सरळ ऑफिसला गेलो. तिथले क्लार्क काका मात्र एकदम कडक, बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं, इंडेक्सशी नंबर जुळवले आणि एका झेरॉक्सवर "सत्यप्रत" लिहिलेलं नाही म्हणून अख्खा गठ्ठा परत हातात. पण काय लिहायचं, कुठं सही करायची हे पण त्यांनीच सांगितलं, तेही एक पैसा न घेता, हे पण लिहायलाच पाहिजे.

आता वैताग. तारखा. कायद्यात लिहिलंय की टेस्टिंगची गरज नसेल तर ३ महिन्यांत निकाल द्यायचा, ते कागदावरच. कधी सदस्य नाहीत, कधी समोरचे वकील "साहेब, कैफियतीला (म्हणजे लेखी उत्तराला) वेळ द्यावा" म्हणून मोकळे. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, आयोगाची नोटीस कंपनीला मिळाल्यापासून ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५, त्यानंतर त्यांची कैफियत घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे नोटीस पोचल्याचा पोस्टाचा ट्रॅकिंग रिपोर्ट काढून फाइलला लावाच, मी तोच दाखवला आणि वकीलसाहेब गप्प.

निकाल माझ्या बाजूने लागला. फ्रिजचे पूर्ण पैसे व्याजासकट मिळाले, मानसिक त्रासाचे ५० हजार मागितले होते ते ५ हजारांवर आले, तिथे फार आशा नको. लाखोंच्या फ्लॅटची किंवा हॉस्पिटलची केस असेल तर मी तरी वकील लावीन, पण फ्रिज, मोबाईल, कोचिंग क्लासची फी असल्या गोष्टींना अजिबात गरज नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत टाका. आणि ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी नीट जपून ठेवा, कंपनीने मुदतीत पैसे दिले नाहीत तर वसुलीच्या अर्जाला तीच लावावी लागते.