ओसीटी स्कॅन, चार वेळा, दोन मशीनवर: कराडच्या एका फोटोग्राफरचा अनुभव

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे, २३ वर्षं झाली. लग्न, बारसं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं करतो. तुळशीची लग्नं झाली, सीझन सुरू झाला आणि दुसऱ्याच लग्नात व्ह्यूफाइंडरमधून नवरीचा चेहरा बरोबर मध्यभागी धुरकट दिसायला लागला. लेन्स पुसली, व्ह्यूफाइंडर पुसला. शेवटी नंबराची जी बारीक चकती असते ती प्लसकडे दोन खटके फिरवली, तेव्हा कुठे जमलं. रात्री घरी येऊन डावा डोळा झाकला, तर दाराची चौकट मधेच पोट आल्यासारखी वाकलेली आणि पांढऱ्या भिंतीवर चहाच्या फिक्या डागासारखा गोल. त्या डोळ्यानं बायकोचा चेहराही जरा लहान दिसत होता. डाव्या डोळ्यानं सगळं जागच्या जागी.

उजवा डोळा म्हणजे माझा व्ह्यूफाइंडरचा डोळा. दुसऱ्या दिवशी सकाळीच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो.

हा रिव्ह्यू कुठल्या एका दवाखान्याचा नाही, ओसीटी नावाच्या तपासणीचा आहे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा उजेडानं काढलेला स्कॅन. डिसेंबर ते एप्रिल मी ती चार वेळा करून घेतली, तीनदा इथे आणि एकदा पुण्यात. दोन्ही ठिकाणांची नावं लिहीत नाही. पण तपासणी नीट कशी होते आणि कुठे बिघडते हे मी जवळून पाहिलंय, आणि फोटो काढणाऱ्या माणसाला त्यातलं बरंच कळतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, भिंगातून आत पाहिलं आणि विचारलं, "स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन, नाकात मारायचा स्प्रे, दम्याचा पंप, यातलं काही चालू आहे?" खांद्यासाठी चालू होतं. दोन कॅमेरे गळ्यात घेऊन दिवसदिवस उभं राहायचं, खांदा धरला होता, त्यावर दिलेल्या गोळ्या मी चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा जास्त दिवस घेत राहिलो होतो. डॉक्टर म्हणाले, "सीएसआर नावाचा आजार वाटतोय. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली, रेटिनाखाली, पाणी साठलंय. स्कॅन करून बघू."

ओसीटीची खोली अंधारी. टेबलावर मशीन, पुढे हनुवटी ठेवायला खाच, वर कपाळाची पट्टी. टेक्निशियन ताई पंचविशीतली असेल. तिनं खाचेवरचा कागद बदलला, पट्टी पुसली आणि म्हणाली, "काका, हनुवटी नीट टेकवा, कपाळ पूर्ण पुढं. दात दातावर ठेवा, म्हणजे डोकं हलणार नाही." ही दातांची गोष्ट मी आता पासपोर्ट फोटोला येणाऱ्या लहान मुलांना सांगतो.

आत निळी फुली दिसते, तिच्याकडे बघत राहायचं. डाव्या डोळ्याचं मिनिटात झालं. उजव्याला अडलं, कारण फुलीच दिसेना, बरोबर तिच्यावरच तो डाग. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग डाग जिथं आहे तिथंच बघा. तोच तुमचा मध्य आहे." हे तिनं सहज सांगितलं, पण माझा डोळा लगेच स्थिरावला. तरी तिचं समाधान होईना. "सिग्नल सहाच येतोय. डोळा कोरडा पडलाय." तिनं अश्रूंसारखं औषध असतं त्याचा एक थेंब टाकला, दोन मिनिटं बसवलं, तीनदा उघडझाप करायला लावली आणि मग, "आता मोठ्ठे डोळे." सिग्नल दहापैकी नऊ. एक लाल रेष वरून खाली सरकत गेली, बस्स, एवढंच. फ्लॅश नाही, दुखत नाही, डोळ्याला काही लागत नाही.

डॉक्टरांनी संगणकाच्या स्क्रीनवर चित्र आणलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. निरोगी डाव्या डोळ्याचा पडदा आडवा कापल्यासारखा दिसतो, खारीला पदर असतात तसे एकावर एक थर, मध्यभागी बशीसारखा हलका खळगा. उजव्या डोळ्यात हा सगळा थर खालच्या रेषेपासून सुटून वर आलेला, तव्यावर पोळी फुगावी तसा. पोळीच्या पोटात काळं. "हे काळं म्हणजे पाणी," डॉक्टर म्हणाले, "तिथून उजेड परत येत नाही." ६ बाय ६ मिलिमीटरच्या तुकड्याचे १२८ काप असतात. त्यांनी माउसचं चाक फिरवून एकेक काप दाखवला. पाणी सुरू कुठं होतं, सगळ्यात उंच कुठं, संपतं कुठं, मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. मधल्या भागाची जाडी उजवीकडे ४३८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डावीकडे २५२.

आणि त्या दोन खटक्यांचं कोडंही सुटलं. पडदा म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर. पाण्यानं तो पुढे ढकलला, डोळा तेवढ्यापुरता आखूड झाला, फोकस मागे पडला, म्हणून प्लस नंबर लागला. मी हे बोलल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढची दहा मिनिटं मला नीट वेळ दिला. बाहेर गर्दी असताना दिला, हे मुद्दाम लिहितो.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहितो. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे उजेडाचा. पण उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, पाच मायक्रॉन मागेपुढे असलेल्या थरांमधला वेळेचा फरक मोजेल असं घड्याळ नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात जातो, एक मशीनमधल्या आरशावर, आणि परत आल्यावर दोघांच्या लहरी एकमेकींवर घालून खोली काढतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे प्रथम मांडलं. या तिघांना २०२३ मध्ये लास्कर हा वैद्यकशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळाला. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झनं जिवंत डोळ्याचा पडदा पाहायचं उपकरण केलं तेव्हापासून डॉक्टर पडद्याकडे समोरून बघत होते. आता तो न कापता बाजूनं दिसतो.

उपचार काय, तर तूर्त थांबायचं. खांद्याच्या डॉक्टरांशी बोलून स्टेरॉइड बंद केलं (स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, विचारूनच करा), रात्रीचं एडिटिंग कमी केलं. बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून फोटो काढू, म्हणाले. जानेवारीअखेर त्याच मशीनवर दुसरा स्कॅन, उजवा ३७१, डावा २५१. पोळी बसायला लागली होती.

आता तक्रार. फेब्रुवारीत पुण्याला अल्बम छपाईच्या कामासाठी गेलो होतो. एका नातेवाइकानं आग्रह केला, मोठ्या सेंटरमध्ये दाखवून घे. तिथलं मशीन दुसऱ्या कंपनीचं, दिसायला नवं. पण काम भराभर. हनुवटीचा कागद बदलला नाही, थेंब नाही, "वर बघा, झालं, पुढचे." मी पापणी मिटली होती असं मला वाटत होतं, विचारलं तर "येतंय, येतंय." पंधरा मिनिटांत हातात एक ए-फोर कागद, शाई संपत आलेल्या प्रिंटरवर काढलेला. आडव्या चित्राची पट्टी बोटाएवढी, राखाडीवर राखाडी. माझ्या स्टुडिओतून असा प्रिंट मी गिऱ्हाइकाला दिला नसता. आणि काउंटरवरच्या माणसानं माझा जुना कागद शेजारी धरला आणि म्हणाला, "वाढलंय. ३७१ होतं, आता ३८९." आमच्या डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची.

त्या दोन रात्री मला झोप नव्हती. माझं पोट त्या डोळ्यावर आहे.

दुसऱ्या रात्री स्टुडिओतल्या टेबललॅम्पखाली दोन्ही कागद ठेवून बसलो. अल्बमचे दोन प्रिंट तपासताना मी आधी कातडीचा रंग बघत नाही, पांढरा शर्ट बघतो. शर्टच पिवळा असेल तर दोष माणसात नाही, प्रिंटरमध्ये आहे. तशी सवयीनं नजर चांगल्या डोळ्याच्या आकड्यावर गेली. डावा डोळा जानेवारीत २५१, पुण्यात २७०. ज्या डोळ्याला काहीच झालं नाही तोही १९ मायक्रॉननं वाढला आणि उजवा १८ नं. म्हणजे डोळा नव्हे, मोजपट्टी बदलली होती.

आमच्या डॉक्टरांनी ते लगेच मान्य केलं. जाडी मोजताना पडद्याची खालची हद्द कुठल्या रेषेवर धरायची हे प्रत्येक कंपनीचं मशीन आपापल्या पद्धतीनं ठरवतं, त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावता येत नाही. ही गोष्ट डोळ्यांच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असते. काउंटरवरच्या माणसालाही माहीत पाहिजे, किंवा त्यानं आकडा वाचून दाखवू नये. मधुमेहामुळे, वयामुळे पडद्याला सूज येऊन ज्यांना डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात, ती म्हातारी माणसं दर महिन्याला हाच आकडा हातात घेऊन घरी जातात. त्यांना कोण सांगणार?

जाडी कमी होत होती, पण एक शंका मनात होती. लाल रंग उजव्या डोळ्यानं फिका दिसायचा. शालूचा लाल डाव्या डोळ्यानं कुंकवासारखा, उजव्यानं विटकरीकडे झुकलेला. अल्बमचा रंग मीच जुळवतो, त्यामुळे विचारलं, "आतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मेल्या का?" डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये त्या पेशींची जी उजळ रेष दिसते ती सलग आहे, म्हणजे चिन्हं चांगली आहेत. पण पेशी मोजून दाखव म्हणाल तर हे मशीन दाखवू शकत नाही.

कारण ऐकून मला नवल वाटलं. मशीन खोलीत पाच मायक्रॉनपर्यंत बारीक बघतं, पण आडव्या दिशेला पंधरा-वीसच्या खाली सहसा जात नाही, आणि मध्यभागच्या शंकूपेशी, म्हणजे रंग ओळखणाऱ्या त्या पेशी, दोन-तीन मायक्रॉन जाडीच्या. आडवं अडवतं कोण, तर आपल्याच डोळ्याचं भिंग. बाहुली लहान असली तर उजेड पसरतो, मोठी केली तर भिंगाच्या आणि बुबुळाच्या कडेचे दोष चित्रात येतात. अ‍ॅपर्चरचं हे गणित मी पोरांना फोटोग्राफी शिकवताना फळ्यावर काढतो, आणि ते माझ्याच डोळ्यात बसलेलं.

त्यावरचा उपाय खगोलशास्त्राकडून आला. हवेमुळे तारा लुकलुकतो, तर दुर्बिणीतला आरसाच क्षणाक्षणाला वाकवून तो दोष खोडायचा, ही कल्पना होरेस बॅबकॉकनं १९५३ मध्ये मांडली. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाबरोबर तिथल्या पालोमारच्या दुर्बिणीसाठी रोबो-एओ नावाची अशी यंत्रणा केली आहे. डोळ्यासाठी हे अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्सच्या गटानं १९९७ मध्ये करून दाखवलं. पडद्यावर उजेडाचा ठिपका टाकायचा, बाहुलीतून परत येणारा उजेड शेकडो इवल्या भिंगांच्या जाळीवर घ्यायचा, कुठला ठिपका जागेवरून किती सरकला त्यावरून डोळ्याचे दोष काढायचे आणि आरसा बरोबर उलटा वाकवायचा. मग जिवंत माणसाच्या डोळ्यातली एकेक शंकूपेशी दिसते, मक्याच्या कणसावर दाणे दिसावेत तशी.

डॉक्टरांनी संगणकावर त्याच गटाचं १९९९ चं चित्र दाखवलं. दोन माणसांचे डोळे, पेशींना लाल, हिरवा, निळा रंग भरलेला. एकाच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या पेशी जवळपास सारख्या, दुसऱ्याच्या डोळ्यात लाल जवळजवळ चौपट. आणि दोघांनाही रंग नीट ओळखू येतात. मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसलो. तेवीस वर्षं मी "हा खरा लाल" म्हणून गिऱ्हाइकांशी वाद घातलेत.

असं मशीन इथे नाही, आणि माझ्या आजाराला त्याची गरजही नव्हती. पण विचारल्यावर "ते तुम्हाला नाही कळणार" असं कुणी म्हणालं नाही.

एप्रिलचा चौथा स्कॅन इथेच, त्याच मशीनवर, त्याच ताईनं काढला. उजवा २४७, डावा २५२. काळं गेलं. खळगा परत आला, कडेला किंचित खडबडीत. चौकट सरळ दिसते. लाल अजून थोडा फिका आहे, त्याला वेळ लागेल म्हणाले. व्ह्यूफाइंडरची चकती शून्यावर आणली आहे.

इथल्याही दोन गोष्टी सुधारायला हव्यात. दोन-दोन तास बसावं लागतं, आणि मूळ फाइल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली तर पेनड्राइव्हवर देतात, आणि घरच्या संगणकावर ती कागदापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. जाताना पेनड्राइव्ह न्या, जुने रिपोर्ट न्या. आधीचा स्कॅन ज्या मशीनवर झाला त्याच मशीनवर पुढचा करून घ्या, आणि दोन्ही डोळ्यांचा सांगा, चांगल्या डोळ्याचाही. मला दोन्ही डोळ्यांचे मिळून १,८०० रुपये पडले, पुण्यात २,५००. थेंब टाकले तर चार-पाच तास उन्हात बघवत नाही आणि मोबाइल वाचता येत नाही, त्यामुळे गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या. सकाळी १० च्या आत नंबर लावलात तर दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता.