पवना की मुळशी? पाण्याकाठी निवांत एक दिवस काढायचा असेल तर

पुण्याहून सकाळी निघायचं, चार-पाच तास पाण्याकाठी बसायचं आणि अंधाराच्या आत घरी, एवढाच बेत असेल तर बहुतेकांची गाडी याच दोन धरणांच्या नावांवर अडते. मी दोन्हीकडे जात आलोय, तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यातली गर्दी हा वेगळाच विषय, त्यात शिरत नाही.

देखाव्यात पवना उजवं, हे आधीच मान्य करतो. काळे कॉलनी ओलांडली की तिकोना, तुंग, लोहगड हे किल्ले एकामागून एक दिसू लागतात आणि तुंगचा सुळका तर पाण्यातूनच वर आल्यासारखा वाटतो. काठ सोपा आहे. गवताचा उतार थेट पाण्यापर्यंत जातो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांनाही नेता येतं. गाडी नसली तरी लोकलने कामशेत आणि पुढे वडाप, असं जमून जातं. आदल्या दिवशी फोन केला तर गावातल्या घरी पिठलं-भाकरीही मिळते.

अडचण पाण्यापर्यंत पोचण्यात आहे. रस्त्यावरून काठाकडे उतरणारी जी ती वाट कुठल्या ना कुठल्या तंबूवाल्यांच्या फाटकात जाते. फाटकाला साखळी, शेजारी खुर्चीवर पावतीपुस्तक घेतलेला मुलगा. ‘राहायचं नाही, फक्त बसायचंय’ म्हटलं की तो आत विचारून येतो. मग माणशी काहीतरी रक्कम, नाहीतर ‘जेवण इथलंच घ्यावं लागेल’. पैसे द्यायलाही हरकत नाही, पण सतरंजी अंथरून जरा पाठ टेकावी तोच ‘दादा, इथे तंबू लागायचेत, जरा तिकडे सरकता का?’ दुपार कलली की स्पीकर लावून बघणं सुरू होतं. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरची गाणीसुद्धा आपल्याच वाट्याला. त्या मुलांवर माझा राग नाही. धरणात जमिनी गेलेल्या गावांना या तंबूंनी चार पैसे मिळवून दिलेत. पण मी शांततेसाठी गेलो होतो आणि ती काही मिळाली नाही. तेवढ्यावरून माझा कौल फिरला.

मुळशीत असं कुणी अडवत नाही. निदान मला तरी अडवलेलं नाही. रिसॉर्टं तिथेही झाली आहेत आणि भिंतीच्या बाजूला जाऊ देत नाहीत. पण धरण मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की रस्ता बराच वेळ पाण्याच्या सोबतीने जातो आणि मधेमधे मोकळे तुकडे अजून शिल्लक आहेत. गाडी कडेला लावून जांभळीच्या सावलीतून खाली उतरायचं. काठ मुरमाड, मधे काळे खडक. पवनेइतका गोजिरवाणा नाही. चहा नाही, स्वच्छतागृह नाही, फोनची रेंज येते-जाते. लहान मुलं बरोबर असतील तर हे जड जाईल, ते खरंच. पण वाऱ्याची लाट खडकावर आपटून मागे जाते तो आवाज सलग ऐकू येतो, आणि मला तेवढंच हवं असतं.

थंडी सरता सरता पाणी उतरतं, कारण ते घाटाखाली भिरा इथल्या वीजकेंद्राकडे जात असतं. मग उघड्या पडलेल्या चिखलात दगडांच्या सरळ ओळी दिसतात. मला त्या शेताचे बांधच वाटतात. हीच शेतं वाचवायला 1921 साली मुळशी सत्याग्रह झाला आणि त्यातूनच पां. म. बापट ‘सेनापती’ झाले. हे ठाऊक असलं की त्या काठावर मोठ्याने बोलावंसं वाटत नाही.

पोहण्याचा विचार दोन्हीकडे सोडून द्या. तळ गाळाचा आहे आणि उतार एकदम खोल जातो.

पवनेलाच जायचं ठरलं असेल तर आठवड्याच्या मधला दिवस धरा आणि सकाळी अकराच्या सुमारास पोचा. रात्रीची मंडळी गेलेली असतात, नवी यायची असतात. तेवढे तीन-चार तास पवना खरंच सुंदर असतं. रविवारच मोकळा असेल तर मात्र मुळशी. डबा, पाणी आणि कचऱ्यासाठी पिशवी घरूनच घ्या, आणि चारच्या आत परत फिरा, नाहीतर भूगावच्या गर्दीत अडकाल.