वीस महिने, तीन प्रिन्सिपल: चार्टर शाळेचा आमचा अनुभव

लेकीला या शाळेत चौथीला घातलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. आता पाचवी संपत आलीय. एवढ्या काळात दोन प्रिन्सिपल आणि मध्ये चार महिने एक हंगामी. प्रवेश घेताना आम्हाला शाळा फिरवून दाखवणाऱ्या बाई धरल्या तर प्रिन्सिपल तीन होतात, पण त्या आमची लेक पहिल्यांदा वर्गात बसायच्या आधीच गेल्या होत्या. दर जानेवारीला प्रवेशाच्या सोडतीचे अर्ज भरायची वेळ आली की ओळखीतले दोन-तीन जण तरी फोन करतात, "शाळा कशी आहे गं?" पाच मिनिटांत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एकदाच बसून लिहितेय. शाळेचं नाव घेणार नाही. गाव न्यू जर्सीतलं, हडसनच्या अलीकडच्या काठावरचं, एवढं पुरे.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, पण डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, हुकमाखाली नसलेली शाळा. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, न्यू जर्सीच्या कायद्यावर सही झाली जानेवारी १९९६ मध्ये. आपल्याकडच्या अनुदानित खासगी शाळेची आठवण यावी असा प्रकार, फक्त इथे परवानगीला मुदत असते. न्यू जर्सीत पहिली चार वर्षं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि देणारा-काढून घेणारा एकच, राज्याचा शिक्षण आयुक्त. मुलामागे डिस्ट्रिक्टकडून पैसे येतात ते कायद्यातल्या हिशेबाच्या ९० टक्के. इमारतीसाठी वेगळे पैसे नाहीत. त्यामुळे आमची शाळा एका चर्चच्या जुन्या इमारतीत भाड्याने आहे. जिम तेच, जेवणाची खोली तीच. दुपारी टेबलं उघडायची, दीड वाजता घडी करून भिंतीला लावायची.

आम्ही शाळा निवडली ती निकाल बघून. कुंपणावर भलामोठा बॅनर होता: चौथीच्या गणितात आधीच्या परीक्षेपेक्षा १३ टक्क्यांची वाढ. नवऱ्याने गाडीतूनच फोटो काढला. चौथीच्या वर्गात मुलं किती, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. मुलं ४६. म्हणजे एक मूल दोन टक्क्यांहून जास्त. सहा मुलं रेषेच्या पलीकडे गेली की १३ टक्के झाले. आणि ही सहा मुलं काही सुधारलेली नव्हती, ती वेगळीच मुलं होती. आधीच्या परीक्षेतली चौथी केव्हाच पुढच्या वर्गांत गेली, या परीक्षेतली मागून आली. दोन वेगळ्या पोत्यांतल्या शेंगदाण्यांचं तेल मापून घाणा सुधारला म्हणण्यासारखं झालं ते.

ही रेषा कुठली, तेही सांगते. तिसरीपासून पुढे राज्याची परीक्षा असते, एनजेएसएलए. या निकालांच्या वेळी गुण ६५० ते ८५०, पातळ्या पाच, ७५० मिळाले की चौथी पातळी, म्हणजे 'अपेक्षा पूर्ण'. शाळेचा जो टक्का सगळे सांगतात तो ७५० च्या वरच्या मुलांचा. ७४९ वाला त्यात नाही, ६६० वरून ७४० ला आलेलाही नाही. शिवाय त्या ७५० मध्ये शाळेचे किती आणि शनिवारच्या शिकवणीचे किती, हा हिशेब कोण करणार? लेकीच्या वर्गातल्या भारतीय मुलांपैकी शनिवारी गणिताच्या क्लासला न जाणारं मूल मला माहीत नाही. आमचीही जाते. फुकटचं श्रेय शाळा घेते, मी म्हणते घेऊ दे, पण आपण तरी फसू नये.

त्यापेक्षा कामाचा आकडा राज्याच्या अहवालात दोन पानं पुढे असतो आणि तिथपर्यंत कुणी जात नाही. वाढीचा मध्यांक. आधीच्या वर्षी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत आपलं मूल यंदा किती पुढे सरकलं, ते १ ते ९९ मध्ये मांडतात आणि शाळेतल्या सगळ्या मुलांमधला मधला आकडा घेतात. ४० ते ५९.५ म्हणजे राज्याचा निकष पूर्ण. बॅनर लावणाऱ्या आमच्या शाळेचा गणिताचा आकडा नंतरच्या अहवालात या पट्ट्याच्या तळाशी होता, भाषेचा मात्र झकास. बॅनरवर अर्थातच भाषा नव्हती, कारण भाषेचा टक्का त्या वर्षी जरा घसरला होता!

जुन्या वर्षांशी तुलना करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२० आणि २०२१ मध्ये कोव्हिडमुळे ही परीक्षा झालीच नाही. आलेखात तिथे सरळ रेघ ओढलेली दिसली तर ती शाळेने ओढलीय. आणि वर्गनिहाय पटसंख्या बघा. आमच्याकडे चौथीत ४६ आणि आठवीत २९. मधली १७ मुलं कुठे गेली आणि त्यांच्या जागी वेटलिस्टवरची का घेतली नाहीत, हा प्रश्न आठवीच्या सुंदर निकालाआधी विचारायचा असतो.

आता मूळ दुखणं. आम्ही बॅनर पाहिला जानेवारी २०२३ मध्ये. त्यावरची परीक्षा झालेली मे २०२२ मध्ये. लेक वर्गात बसली सप्टेंबर २०२३ मध्ये. ज्या प्रिन्सिपलबाईंच्या काळातला तो निकाल, त्या जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात गेल्या. संध्याकाळी साडेसहाला ईमेल, तीन ओळी, 'नव्या संधीसाठी'. ज्यांनी तो निकाल आणला त्या चौथीच्या दोन शिक्षिकांपैकीही एक त्यांच्या पाठोपाठ गेली. म्हणजे आम्ही जी शाळा निवडली ती आम्ही पोचेपर्यंत उठून गेली होती. पाटी तीच, रंग तोच.

दुसरे आले ऑगस्टमध्ये. उमदा माणूस, गेटवर उभं राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेही गेले, 'वैयक्तिक कारणांमुळे'. खरं कारण कधीच कळलं नाही आणि त्यावर मी तर्क लढवणार नाही. पण परिणाम घरात दिसला. नोव्हेंबरात गणिताच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. बदली शिक्षक येतील येतील म्हणताना एक आले, ते मुळात इतिहासाचे. माणसं निवडायची कुणी, सही करायची कुणी, हे प्रिन्सिपल गेल्यावर आणखीच अडलं. अपूर्णांकांच्या बेरजेचा एक कागद घरी आला, त्याच्या वरच्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग झेरॉक्समध्ये उतरलेला. तीन आठवड्यांनी पुन्हा अपूर्णांकांचा कागद आला, त्यावरही तोच डाग. लेक म्हणाली, "मम्मा, हा सोपाय, मी आधी केलाय."

शाळेत वर्षातून तीनदा मॅप नावाची चाचणी घेतात. चौथीत गणितात शरद ते हिवाळा साधारण सहा गुणांची वाढ धरतात. लेकीचे २०१ वरून २०२ झाले. शनिवारची शिकवणी चालू असतानाही.

नवरा तेव्हा म्हणायचा, "प्रिन्सिपल काय वर्गात शिकवतो का? कशाला एवढं मनावर घेतेस?" त्याला मी २०२१ साली वॉलेस फाउंडेशनने काढलेला अहवाल दाखवला. प्राथमिक शाळेत शंभरात खालून पंचविसाव्या प्रिन्सिपलच्या जागी खालून पंचाहत्तरावा आला, तर मुलांचं गणित वर्षाला जवळपास तीन महिन्यांच्या शिकण्याइतकं पुढे जातं, असं त्यात आहे. तो शांत झाला. तो गप्प बसला की मान्य असतं.

रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉल असतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, सांगली जिल्ह्यात सात शाळा फिरले. मला वाटलं होतं प्रिन्सिपल गेल्याचं ऐकून हळहळतील. त्यांनी विचारलं, "चार्ज कुणी घेतला?"

"म्हणजे?"

"अगं, जाणारा चार्ज देतो, येणारा घेतो. जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, कॅशबुक, कपाटाच्या किल्ल्या, सगळं यादी करून, दोघांच्या सह्या. कच्च्या पोरांची वहीसुद्धा देत होतो मी. बदली तर होणारच. चार्ज नीट झाला का ते बघ."

दुसऱ्या दिवशी लेकीला घ्यायला गेले तेव्हा हेच विचारलं, जरा इंग्रजीत घोळवून. तेव्हा कळलं की मागे पडलेल्या मुलांसाठी मंगळवारी-गुरुवारी जो वाचनाचा जादा तास असायचा तो तीन आठवडे बंद आहे. त्यात कोणती मुलं होती याची यादी गेलेल्या साहेबांच्या लॅपटॉपमध्ये होती आणि लॅपटॉप जमा झाल्यावर पुसला गेला होता. कच्च्या पोरांची वही! बाबांना सांगितलं तर त्यांनी नुसतं कपाळ चोळलं.

मार्चमध्ये पहिल्यांदा शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या सभेला गेले. न्यू जर्सीत या सभा कायद्याने खुल्या असतात, इतिवृत्त मागता येतं, तरी पालक म्हणून त्या दिवशी आम्ही दोघीच होतो. घडीची टेबलं, पहिलीच्या पोरांचे स्टूल, गुडघे हनुवटीला. बोलायला तीन मिनिटं. मी दोनच प्रश्न लिहून नेले होते. गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक गेले, आणि नवीन प्रिन्सिपल आल्यावर जुन्याकडून काय लेखी घेतलं जातं? पहिल्याचं उत्तर पुढच्या सभेत देऊ म्हणाले आणि खरंच दिलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. दुसऱ्यावर बोर्डाचे अध्यक्ष थोडं थांबून म्हणाले की असं काही ठरलेलं नाही. मग ते दार लावून गोपनीय चर्चेला गेले आणि आम्ही दोघी जिन्यावर उभ्या राहून अर्धा तास बोलत बसलो. दुसरी बाई घानाची होती, तिचा मुलगा त्या वाचनाच्या तासाला जायचा.

नूतनीकरणाचं पत्रही वाचा. शिक्षण खात्याकडून मागता येतं. आमच्या शाळेच्या मागच्या पत्रात नेतृत्वातल्या सततच्या बदलाबद्दल एक वाक्य होतं. प्रवेशाआधी वाचलं असतं तर? तरीही घातलं असतं बहुतेक, कारण डिस्ट्रिक्टची आमच्या वाट्याची शाळा तेव्हा खचाखच भरलेली होती. पण डोळे उघडे ठेवून घातलं असतं.

हंगामी म्हणून ज्यांच्या गळ्यात माळ पडली त्या शिस्तीचं खातं बघणाऱ्या बाई होत्या. नव्या कल्पना शून्य. पण त्यांनी वेळापत्रक रुळावर आणलं, वाचनाचा तास शिक्षकांना विचारून विचारून पुन्हा उभा केला आणि एप्रिलमध्ये गणिताला माणूस आणला. एवढं करून त्यांना कायम केलं नाहीच. सध्याच्या प्रिन्सिपल आल्या जुलै २०२४ मध्ये. त्यांनी पहिले दोन आठवडे या बाईंबरोबर बसून काढले, असं ऑफिसातून कळलं, तेव्हा मला बाबांच्या किल्ल्या आठवल्या. पाचवीत लेकीचे गणिताचे गुण शरदात २०८, हिवाळ्यात २१६. कॉफीचा डाग नाही.

चार्टर म्हणजे चांगली किंवा चार्टर म्हणजे वाईट, असं सांगणारे दोघेही मला भेटतात. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के कमी ठरल्या होत्या. त्यांच्याच २०२३ च्या पाहणीत चार्टरची मुलं वाचनात सरासरी १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे निघाली. देशाची सरासरी घेऊन नेवार्क अॅव्हेन्यूच्या भारतीय बाजारात भाजी घेता येते, शाळा नाही.

चांगलं काय, तेही लिहायला हवं, कारण एवढं होऊनही आम्ही इथेच आहोत. भाषा उत्तम शिकवतात. लेक पानभर लिहिते आणि स्वतःच खोडते. वर्ग लहान, कुणी हरवत नाही. चौथीच्या उरलेल्या शिक्षिका नऊ वर्षं तिथे आहेत. आणि ऑफिसच्या खिडकीत बसणाऱ्या बाई, त्यांना शाळा उघडल्यापासूनची सगळी मुलं माहीत. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला घ्यायला आजी येते, कुणाच्या घरात सध्या काय चाललंय. लेकीला एकदा ताप होता, मी पाथ ट्रेनमध्ये अडकलेले, तर त्यांनी तिला आपल्या खुर्चीमागे कोट घालून झोपवलं होतं. वेबसाइटवर 'नेतृत्व' या पानावर त्यांचा फोटो नाही. पाचपैकी साडेतीन देते, त्यातला एक पूर्ण त्यांचा.

सहावीचा फॉर्म गेल्या आठवड्यात भरला. डिस्ट्रिक्टच्या शाळेची नोंदणीही चालू ठेवलीय, नवऱ्याच्या आग्रहावरून. मेच्या सभेच्या अजेंड्यावर प्रिन्सिपलच्या कराराचा मुद्दा आहे, मी जाणार आहे. बाबांनी रविवारी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऑफिसातल्या बाई आहेत ना? मग राहू दे पोरीला."

फॉर्म द्यायला खिडकीशी गेले तेव्हा त्यांनीच हसत सांगितलं की जूनमध्ये त्या रिटायर होतायत. बाबांना अजून बोलले नाहीये.