नेता की परिस्थिती: प्रबंधासाठी कोणती बाजू धरावी?

परराष्ट्र धोरणावर प्रबंध लिहायला घेतला की पहिल्याच आठवड्यात हा पेच पडतो. निर्णयाचं मूळ नेत्याच्या स्वभावात शोधायचं, की देशाची ताकद, तिजोरी आणि दोस्तराष्ट्रं यांच्यात? आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांना मानणारे सांगतात, खुर्चीत कोणीही बसो, सत्तेचा तोल त्याला ठरावीक दिशेलाच ढकलतो. राजकीय मानसशास्त्राच्या अभ्यासक मार्गारेट हर्मन यांनी मात्र नेत्याच्या बोलण्यातून सात स्वभावगुण मोजण्याची पद्धत बसवली: आत्मविश्वास, अविश्वास, सत्तेची ओढ वगैरे.

स्वभावाच्या बाजूने हमखास दिला जाणारा दाखला व्हिएतनामचा. १९५४ मध्ये तिथल्या दिएन बिएन फू या ठाण्याला फ्रेंच फौज वेढली गेली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपली संसद आणि ब्रिटन सोबत नसताना उडी घ्यायचं नाकारलं. जुलै १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तिथलं अमेरिकन सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर न्यायचं जाहीर केलं. स्वभावाचा फरक लख्ख दिसतो, पण परीक्षक लगेच पकडेल: पहिल्या वेळी लढाई फ्रान्सची होती, दुसऱ्या वेळी अमेरिकेची स्वतःची पत पणाला लागली होती. एवढ्यावर प्रबंध उभा करू नये.

मला विचाराल तर सुएझ घ्या. २६ जुलै १९५६ च्या रात्री ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन इराकच्या राजाला मेजवानी देत होते आणि इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतल्याची बातमी तिथेच येऊन थडकली. त्याच रात्री सेनाप्रमुखांना बोलावणं गेलं. हुकूमशहांना चुचकारण्याच्या धोरणावरून खटके उडून ईडन यांनी १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्रीपद सोडलं होतं. नासेरमध्ये त्यांना मुसोलिनीच दिसला. त्यात १९५३ च्या फसलेल्या शस्त्रक्रियेपासून तब्येत साथ देत नव्हती. इथपर्यंत गोष्ट एका माणसाची. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक इजिप्तमध्ये उतरले आणि ६ तारखेला युद्धबंदी करावी लागली, कारण पौंड गडगडत होता आणि अमेरिका हात द्यायला तयार नव्हती. ज्याच्या डोक्यातून लढाई निघाली, त्याच्या हातात ती थांबवणं न थांबवणं उरलंच नाही.

कष्टाचाही हिशेब करा. हर्मन यांच्या पद्धतीला नेत्याची किमान ५० उत्तरं लागतात, प्रत्येक निदान शंभर शब्दांचं, तीही उत्स्फूर्त. लिहून आणलेलं भाषण शक्यतो नको. त्यात भाषणलेखकाचा स्वभाव सापडायचा. मुलाखती टाळणारा नेता निवडलात तर काम तिथेच अडतं. परिस्थितीच्या बाजूला संरक्षण खर्च, व्यापार, संयुक्त राष्ट्रांतलं मतदान अशी आकडेवारी तयार मिळते. मात्र ‘त्याच आठवड्यात का?’ असं कोणी विचारलं की ती गप्प बसते.

सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांच्या मोहात पडू नका. मार्च १९८५ मध्ये सूत्रं आली तेव्हा रखडलेली अर्थव्यवस्था आधीचे नेते आन्द्रोपोव आणि चेर्नेन्को यांच्याकडून चालत आलेलीच होती, आणि तरी त्यांनी वळण निराळं घेतलं. दोन्ही पंथ त्यांना आपलं म्हणतात. नवख्याने त्या भांडणात शिरायचं तर दोन वर्षं हाताशी हवीत.

प्रश्नात ‘कधी’ आणि ‘कसं’ असेल, आणीबाणी असेल, निर्णय चारपाच जणांच्या खोलीत झाला असेल, तर बिनधास्त स्वभाव घ्या. वीस वर्षं टिकलेल्या धोरणासाठी परिस्थिती. आणि स्वभावावर ठाम असाल, तर विषय नोंदवण्याआधी ती पन्नास उत्तरं मोजून बघा.