एडिसनमधला आमचा डेक: ठेकेदाराला ५ पैकी ४ तारे

सासूबाई उन्हाळ्यात साताऱ्याहून यायच्या होत्या आणि त्यांना संध्याकाळी टेकायला ओटा हवा होता. न्यू जर्सीत ओटा कुठला, म्हणून मागच्या अंगणात १२ बाय १६ फुटांचा डेक, म्हणजे खांबांवर उभा फळ्यांचा उघडा ओटा, करून घेतला. पहिला ठेकेदार म्हणाला, "परमिट कशाला? कुंपणाआड कोण बघतंय?" दरही बराच कमी. दुसऱ्याने आधी घराचा सर्व्हे, म्हणजे जागेच्या हद्दी दाखवणारा नकाशा, मागितला, लेखी कराराच्या कागदावर राज्याचा नोंदणी क्रमांक दाखवला. काम त्याला दिलं. हा अभिप्राय त्याच्याबद्दल.

मी आखलेला डेक मागच्या हद्दीपासून सोडायच्या जागेत दोन फूट घुसत होता. टेबल आणि सहा खुर्च्यांचा माझा सगळा हिशेब झालेला, त्यामुळे चिडलेच. त्याने डेक आडवा फिरवला, खुर्च्याही मावल्या. परमिट हाती यायला पाच आठवडे लागले, तो दोष टाउनशिपचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. फोन न उचलणं आणि मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देणं, हा मात्र याचाच. एक तारा तिथे गेला.

खणण्याआधी ८११ या खोदकामासाठीच्या हेल्पलाइनला फोन करून गॅस-विजेच्या लायनी फुकटात आखून घेतल्या. पिवळ्या-लाल रेघांनी हिरवळ रंगपंचमी खेळल्यासारखी दिसत होती. स्प्रिंकलरचा पाइप आपल्या मालकीचा, त्याची खूण कोणी करत नाही; तो यांच्या मशीनने फोडला. दुसऱ्या दिवशी न सांगता, न पैसे मागता जोडून दिला.

खांबांचे खड्डे ३६ इंच खोल. इथे थंडीत जमीन गोठून फुगते आणि उथळ पायावरचा खांब वर उचलला जातो. इन्स्पेक्टरने पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, आणि नेमका आदल्या रात्री पाऊस. खड्डे तुडुंब. सकाळी सहाला गडी पंप घेऊन दारात! पाणी उपसलं, तळाचा चिखल हाताने काढला, तपासणी एका फेरीत पास. घराला टेकणारी मुख्य फळी त्याने बोल्टनी आवळली, वर पाणी वळवायला पत्रा घातला. नुसत्या खिळ्यांवर टांगलेले डेक कोसळतात, हे तो प्रत्येक भेटीत ऐकवतो. ऐकून घ्या.

आमचा डेक जमिनीपासून ३४ इंच उंच. ३० च्या वर गेलं की कठडा सक्तीचा, तोही निदान ३६ इंच, आणि दांड्यांमधून ४ इंचांचा गोळा जाता कामा नये. इन्स्पेक्टरनंतर आमच्या दोन वर्षांच्या लेकीनेही डोकं घालून तपासणी केली. गेलं नाही.

गडद करड्या कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या ही माझी हौस. तो फिकट घ्या म्हणत होता. जुलैच्या दुपारी त्यांवर अनवाणी पाय ठेवून दाखवा! सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सतरंजी मागितली. "सारवलेला ओटा कसा गार असतो गं," म्हणाल्या, आणि उन्हं उतरेपर्यंत आत जाऊन बसल्या.