ब्रोमो आणि इजेन: टूरची गाडी की आपलं आपण?

माझी भाची ऑगस्टमध्ये नऊ दिवसांची रजा काढून एकटीच इंडोनेशियाला निघाली आहे. योग्यकर्त्याला उतरायचं, दोन दिवस तिथे काढायचे, मग पूर्व जावातले ब्रोमो आणि इजेन हे दोन जागृत ज्वालामुखी बघत बाली गाठायचं आणि तिथून परत, असा बेत. परवा तिचा फोन आला. "मावशी, हॉस्टेलवाले तीन दिवसांची टूर देतात. एका गाडीत दहा-बारा अनोळखी पोरं-पोरी, दोन्ही ज्वालामुखी दाखवतात आणि शेवटी बालीला जाणाऱ्या फेरीबोटीवर सोडतात. ती घेऊ की माझं मी जाऊ?"

हा प्रवास मी दोन्ही तऱ्हांनी केला आहे. २०१८ साली टूरच्या गाडीने, आणि २०२४ च्या मे महिन्यात रेल्वे, शेअर गाडी आणि पायी. तिला मी सांगितलं ते असं: ब्रोमोला तुझी तू जा, इजेनला गाडीत बस. दोन्ही एकाच दावणीला बांधू नकोस.

आधी टूर म्हणजे काय ते सांगते. तिकडे तिला 'ओपन ट्रिप' म्हणतात. गाडी आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या अंगाची, तिला सगळे 'एल्फ' म्हणतात. योग्यकर्त्याहून सकाळी निघते ती रात्री उशिरा ब्रोमोच्या पायथ्याशी पोचते. पहाटे तीनला उठवून जीपमध्ये बसवतात, सूर्योदय, विवर, दहाच्या सुमारास परत गाडीत. मग सहा-सात तास इजेनच्या दिशेने. संध्याकाळी खोलीवर टाकतात आणि मध्यरात्री पुन्हा उठवतात. म्हणजे लागोपाठ दोन रात्री नीट झोप नाही, आणि दिवस खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेण्यात जातात. पंचविशीत हे जमतं. तरी जे बघायला आलो त्यातलं बरंचसं अर्धवट डोळ्यांनी बघितलं जातं, हे मी अनुभवाने सांगते.

आता ब्रोमो. सह्याद्रीत भटकणाऱ्याला बसाल्टचं नवल नसतं. राजगड असो की हरिश्चंद्रगड, आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हावरूनच चालत असतो. पण आपला लाव्हा भेगांमधून वर येऊन थरावर थर पसरला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे. तिथे वेगळंच आहे. एका जुन्या, प्रचंड ज्वालामुखीचं पोट खचून नऊ-दहा किलोमीटर रुंदीची परात तयार झाली आहे, परातीच्या तळाशी काळपट राखेचं मैदान, आणि त्या मैदानातून उठलेले लहान शंकू. त्यातला एक २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो, त्याच्या विवरातून सतत धूर. शेजारचा बातोक चुण्या पडल्यासारखा दिसतो. मागे दक्षिणेला सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातला सगळ्यात उंच.

मराठी माणसाच्या कानाला इथली नावं लगेच ओळखीची वाटतात. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. सेमेरू म्हणजे सुमेरू. राखेच्या मैदानाला म्हणतात 'सेगारा वेदी', त्यातला सेगारा आपला सागर. परातीच्या काठावरच्या गावांत तेंगर लोक राहतात. मुसलमान बहुसंख्येच्या जावात त्यांनी आपलं हिंदुपण जपलं आहे. दरवर्षी कसाडा महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला ते मैदानातल्या पुरा लुहुर पोतेन या देवळात जमतात आणि मग विवराच्या काठावरून भाजी, फळं, कोंबड्या, कधी बकरं आत टाकतात. उत्सवाचं नाव 'यज्ञ कसाडा'. रोरो अंतेंग आणि जोको सेगेर या निपुत्रिक जोडप्याने देवाला शेवटचं मूल द्यायचं कबूल केलं आणि पंचविसाव्या मुलाला, कुसुमाला, ज्वालामुखीने नेलं, अशी त्यामागची कथा आहे. अंतेंगचा 'तेंग' आणि सेगेरचा 'गेर' मिळून तेंगर.

टूरच्या गाडीने गेले तेव्हा यातलं मला काहीच कळलं नव्हतं. आम्हाला पेनांजाकानच्या माथ्यावर नेलं, जिथे शेकडो जीप एकामागे एक लागलेल्या असतात. सूर्योदय सुंदरच असतो, पण तो माणसांच्या डोक्यांवरून आणि उचललेल्या मोबाइलांमधून बघावा लागतो. मग जीपने खाली मैदानात, विवराच्या अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, फोटो, आणि ड्रायव्हरची हाक.

दुसऱ्या खेपेला मी चेमोरो लावांग या अगदी काठावरच्या गावात दोन रात्री राहिले. पहाटे बॅटरी घेऊन गावातूनच चढत गेले आणि सूर्योदय बघितला, जीप लागलीच नाही. दुपारी चालत मैदानात उतरले. सकाळच्या जीप दहा-अकराला निघून गेल्या की तिथे कोणी नसतं. राख बुटांखाली पापडासारखी मोडते, वारा सुटला की जमिनीलगत धुराचे पट्टे धावतात. पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले आपापले घोडे घेऊन घराकडे वळलेले, खांद्यांवर सारोंग गुंडाळलेला. विवराच्या काठावर मी एकटी होते आणि आतून येणारा आवाज ऐकला. दूर कुठेतरी घाटातून अवजड ट्रक चढत असावा तसा, न थांबणारा. २०१८ मध्ये तो आवाज गर्दीत कानावरच आला नव्हता. मैदानात दुपारी धुकं भरतं, तेव्हा चारच्या आत वर यायला निघायचं, ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

तिथे जाणं अवघड नाही. योग्यकर्त्याच्या लेंपुयांगान स्टेशनवरून श्री तांजुंग नावाची साधी गाडी सुटते. तिकीट एक लाख रुपियांच्या आत, म्हणजे आपले साधारण पाचशे रुपये. दिवसभर भातशेतीतून जात ती प्रोबोलिंगोला सोडते. तिथून चेमोरो लावांग चाळीसेक किलोमीटर. त्यासाठी 'बायसन' नावाच्या जुन्या मिनीबस असतात. सातारा-सांगलीकडच्या माणसाला मी एका शब्दात सांगेन: वडाप. भरल्याशिवाय हलत नाही. मला अडीच तास थांबावं लागलं. दुपारनंतर उतारू कमी, म्हणून एक तर रात्र प्रोबोलिंगोत काढून सकाळी निघावं, नाहीतर आलेल्या प्रवाशांनी मिळून रिकाम्या जागांचे पैसे वाटून घ्यावेत. एक सावधगिरी: सुराबायाकडून बसने आलात तर कंडक्टर स्टँडच्या अलीकडे, एखाद्या एजंटच्या ऑफिससमोर "हेच प्रोबोलिंगो" म्हणून उतरवू शकतो. फोनवर नकाशा बघूनच खाली पाय ठेवायचा.

इजेनचं गणित पूर्ण निराळं आहे.

इजेनला लोक जातात ते निळ्या ज्वाळांसाठी, आणि त्या फक्त अंधारात दिसतात. विवरात गंधकाचे वायू सहाशे अंशांपर्यंत तापून बाहेर येतात, हवा लागताच पेटतात. कधी वितळलेला गंधक जळत उतारावरून ओघळतो, तेव्हा गॅसच्या शेगडीची ज्योत डोंगरावरून वाहते आहे असं दिसतं. त्यासाठी मध्यरात्रीनंतर पालतुदिंग या पायथ्याच्या ठाण्यावर पोचावं लागतं, आणि त्या वेळी तिथे जाणारं कुठलंही सार्वजनिक वाहन नाही. काही जण जवळच्या बान्युवांगी शहरातून भाड्याची स्कूटर घेऊन रात्री तो घाट चढतात. एकट्याने ते करू नये, हे मी ठामपणे सांगते. वर तीन किलोमीटरची चढण, मग विवरात उतरणारी दगडांची वाट, गॅसचा मास्क, आरोग्याचा दाखला, वाटाड्या. हे सगळं एकेक जमवत बसण्यापेक्षा टूरवाल्याकडून घेणं शहाणपणाचं.

आणि तिथे सोबत लागते. आमच्या एल्फमध्ये पेनांगच्या दोन शिक्षिका होत्या, एक जर्मन नर्स, सुराबायाचं नवविवाहित जोडपं, आणखी काही मुलं. पहिल्या दिवशी कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. घाटात एका शिक्षिकेला मळमळायला लागलं, तिला मी पिशवीतली आवळा सुपारी दिली. ती पुडी मग गाडीभर फिरली. दुसऱ्या रात्री विवरात उतरताना वारा फिरला आणि पिवळा धूर थेट अंगावर आला. डोळे उघडेनात, घशात काटे टोचल्यासारखं झालं. वाटाड्या ओरडला, डोंगराच्या बाजूला तोंड करून खाली बसा. त्या शिक्षिकेने चाचपडत माझ्या मास्कचा पट्टा मागून ओढून घट्ट केला आणि धूर निघून जाईपर्यंत माझी बाही सोडली नाही. आम्ही बसलो होतो तिथून गंधक वाहणारा एक कामगार खांद्यावर कावड घेऊन वर गेला. बांबूच्या दोन टोपल्या, त्यांत पिवळे ढेकळ, सत्तर ते नव्वद किलो. तोंडाला ओला कपडा, बस्स. आम्ही सगळे भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. उजाडल्यावर खाली तळं दिसलं, जवळजवळ किलोमीटरभर रुंद, फिरोजी रंगाचं आणि निव्वळ आम्लाचं. बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या माणसांशी माझं अजून बोलणं आहे.

म्हणून मैत्रीसाठी टूर घ्यायची तर ती इजेनची घे, असं भाचीला सांगितलं. ब्रोमोच्या वडापमध्येही माणसं भेटतात, पण ती गाडी भरेपर्यंतची आणि वर पोचेपर्यंतची. रात्रीच्या अंधारात एकमेकांच्या बॅटरीवर चालल्यावर जे होतं, ते वेगळं.

पैशांत फार फरक पडत नाही. जीपचं भाडं माणशी नसून गाडीमागे असतं, त्यामुळे एकट्याने जाण्यातली बचत चालत फिरलात तरच होते. खरा फरक दिवसांचा. टूर तीन दिवसांत संपते, माझ्या पद्धतीने पाच लागतात. भाचीच्या नऊ दिवसांत याचा अर्थ बाली जवळपास सोडून द्यायची. ज्याला बालीच हवी आहे त्याने सरळ टूर घ्यावी, दोन रात्रींची झोप गेली तरी चालेल. आईवडील सोबत असतील तर दोन्ही सोडून ड्रायव्हरसह खासगी गाडी करावी.

शाकाहारींना दोन्हीकडे सारखाच त्रास. ताहू (म्हणजे टोफू) आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतात, पण सांबलच्या चटणीत कोळंबीचं तेरासी असतं. 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत. टूरच्या नाश्त्यात पाव, अंडं आणि केळं, तेव्हा घरून दशम्या-चटणी न्यावी.

सुरक्षेच्या बाबतीत गाडीत बसलात म्हणून निर्धास्त होऊ नका. मार्च २०१८ मध्ये इजेनच्या विवरातून विषारी वायू सुटून पायथ्याच्या लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ४ डिसेंबर २०२१ ला सेमेरूच्या उद्रेकात पन्नासहून अधिक माणसं गेली. सरकारी 'मॅग्मा इंडोनेशिया' या संकेतस्थळावर प्रत्येक ज्वालामुखीची पातळी चार टप्प्यांत दाखवतात: नॉर्मल, वास्पादा (सावध), सियागा (सज्ज), आवास (धोका). निघायच्या आदल्या दिवशी ती स्वतः बघावी. बुकिंग हातात असलेला एजंट आपण होऊन सांगेलच असं नाही.

भाचीने शेवटी ठरवलं ते असं. श्री तांजुंगने प्रोबोलिंगो, चेमोरो लावांगला दोन रात्री, मग रेल्वेने बान्युवांगी, दुपारभर झोप, आणि मध्यरात्री तिथल्या शेअर गाडीने इजेन. खाली आल्यावर केतापांग बंदरातून फेरीबोटीने बालीतलं गिलिमानुक. बालीचं घड्याळ जावाच्या एक तास पुढे असतं, विमानाच्या दिवशी हे विसरायचं नाही. बान्युवांगीत पैसे देण्याआधी तिने तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाडीत नक्की किती माणसं, कारण २०१८ मध्ये आम्हाला बारा सांगून पंधरा बसवले होते आणि सात तास सॅक मांडीवर होती. दाखला आणि तिकीट पैशांत धरलंय का. आणि मास्क फिल्टरचा आहे का. तो दिवसाउजेडी हातात घ्यायचा, तोंडाला लावून बघायचा, पट्टा सैल असेल तर तिथल्या तिथे बदलून मागायचा.